एकशे अठरा हलतच नाही : कमी पेट्रोलची सूचना न देणाऱ्या एका गाडीचं प्रकरण

गाडी म्हणजे मोटारसायकल. २०२१ सालची, १६० सीसीची, बीएस६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातली, एफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. टाकी बारा लिटरची. मीटर डिजिटल, त्यात पेट्रोलच्या पाच कांड्या. शेवटची कांडीही संपत आली की ती पंपाच्या चित्रासकट लुकलुकायला लागते आणि ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ हा जो आकडा असतो तो जाऊन तिथे दोन आडव्या रेघा येतात. गाडीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही. असे मीटर रस्त्यावर बरेच आहेत आणि या प्रकरणातली मोठी चूक गाडीची नाही, माझी, गॅरेजवाल्याची आहे.

मालक कळव्याचा, मनीषा नगरातला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा. महापेच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो, दुपारी तीन ते रात्री अकरा. विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली असा सरळ ठाणे-बेलापूर रस्ता. जाऊन-येऊन साधारण सव्वीस किलोमीटर. मला काका म्हणतो, कारण त्याच्या वडिलांची गाडी मीच बघायचो. वडिलांची म्हणजे जुनी, कार्ब्युरेटरची, टाकीखाली डाव्या हाताला पेट्रोलचा कॉक असलेली.

जूनमधली तक्रार

२०२५ च्या जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर तो गाडी घेऊन आला. तक्रार अशी, की टाकी अर्धी असतानाही मीटर पेट्रोल संपलं म्हणून लुकलुकतो. घरून निघताना लुकलुकतो, ऐरोलीपर्यंत गेलं की आपोआप थांबतो आणि रात्री गाडी भिजली की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. दुसरीकडे एका गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा त्याला सांगितलं होतं की सेन्सर गेला, टाकीतली पेट्रोल ढकलणारी मोटर पूर्ण सेटसकट बदलावी लागेल. खर्च ऐकून तो परत फिरला.

मग त्याने स्वतःच एक तोड काढली होती. मीटर काय म्हणतो ते बघायचंच नाही. दर दोन-तीन दिवसांनी, लुकलुकत असो वा नसो, पंपावर थांबायचं आणि दोनशेचं टाकायचं. पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून दोनशेत दोन लिटरही येत नाही, पण त्याच्या रोजच्या धावेला तेवढं पुरायचं. टाकी कायम चार ते सहा लिटरच्या मध्ये राहायची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मीटरला पेट्रोल कळतं कसं, ते थोडक्यात. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो, हलकी पोकळ डबीच म्हणा. पेट्रोल वर-खाली झालं की दांडी वर-खाली होते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पितळी जीभ एका पट्टीवरून सरकते. पट्टीला विजेचा रोध असतो. जीभ तारेच्या टोकाजवळ असेल तर रोध कमी, लांब गेली तर जास्त. रोध ओहममध्ये मोजतात. या गाडीत टाकी भरलेली असताना ८ ओहम येतात आणि रिकामी असताना ९७. मीटरला पेट्रोल दिसत नाही, त्याला ओहम दिसतात. ८५ च्या वर गेले की तो लुकलुकतो. काही गाड्यांत हे उलटं असतं, रिकामीला ओहम कमी. म्हणून एका गाडीचे आकडे दुसरीला लावायला जाऊ नये.

आणखी एक प्रकार असतो, तोही सांगून टाकतो. काही गाड्यांना कांड्या नसतात, नुसता एक पिवळा दिवा असतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टाकीच्या तळाशी थर्मिस्टर नावाचा बारीक तुकडा असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो आणि वीज अडवून धरतो. पेट्रोल खाली गेलं, तो उघडा पडला की स्वतःच्याच विजेने तापतो, रोध घटतो आणि दिवा लागतो. तापायला वेळ लागतो, म्हणून तो दिवा चावी लावल्या लावल्या कधी खरं बोलत नाही. पण ही गाडी तसली नव्हती.

जूनमध्ये मी केलं ते असं. सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडला, टाकी थोडी उचलून खाली लाकडाचा ठोकळा लावला आणि फ्लोटच्या तारेचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, बाहेर काढला. पिनांवर हिरवा गंज. टाकीच्या बाजूने मोजलं तर ५२ ओहम, म्हणजे सहा लिटरच्या आसपास. कपलरच्या पलीकडे, मीटरच्या बाजूने मोजलं तर ८७. मधले पस्तीस ओहम गंज खात होता आणि मीटर बिचारा त्यालाच पेट्रोल संपलं असं समजत होता. थोडं चाललं की हादऱ्यांनी आणि इंजिनच्या उबेने पिना पुन्हा नीट टेकायच्या, म्हणून ऐरोलीला लुकलुक थांबायची.

पिना साफ केल्या, सैल झालेल्या आवळल्या, वर ग्रीस लावलं. दोन्हीकडे ५२. मीटरवर तीन कांड्या, स्थिर. दीडशे रुपये घेतले आणि त्याला म्हटलं, “आता बिनधास्त मीटर बघून चालव.”

हे वाक्य मी म्हणायला नको होतं. मी एका ठिकाणचं, सहा लिटरचं माप घेतलं होतं. बाकीच्या टाकीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ओहम मोजायचा मल्टिमीटर हातात होता, टाकी उचललेली होती, पेट्रोल कॅनमध्ये काढून फ्लोट पूर्ण खालीपर्यंत तपासायला फार तर पाऊण तास गेला असता. पण पावसाचे दिवस, दारात आणखी दोन गाड्या उभ्या, त्यातली एक पाण्यातून ढकलत आणलेली. दोष सापडला होता, लुकलुक थांबली होती. कोण पुढे शोधतो?

कौतुक

यानंतर दहा-बारा दिवसांनी तो गॅरेजवरून जात होता. गाडी थांबवली नाही, नुसता वेग कमी केला आणि ओरडला, “काका, गाडी एकदम मस्त! एकशे अठरा हलतच नाही!”

मी हात केला. शेजारी चहा पीत बसलेल्या दोघांसमोर जरा छातीही फुगली.

गॅरेजवाल्याला कौतुक दुर्मीळ, म्हणून कानाने ते उचललं आणि त्यातली तक्रार खाली टाकली. चालत्या गाडीत ‘अजून किती जाईल’ हा आकडा हललाच पाहिजे. तो येतो कुठून? फ्लोट सांगतो टाकीत किती आहे, आणि इंजेक्टर किती वेळ उघडतोय यावरून ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या संगणकाला, कळतं की गाडी लिटरला किती देतेय. दोन्हीचा गुणाकार मीटर दाखवतो. मोकळ्या रस्त्यावर तो थोडा चढेल, कळवा नाक्याच्या गर्दीत पटकन उतरेल. एका जागी तो राहूच शकत नाही, कारण पेट्रोल एका जागी राहत नाही.

पोराने त्याचा अर्थ असा लावला की दुरुस्तीनंतर गाडी ॲव्हरेज चांगलं द्यायला लागली. मध्ये एकदा त्याने दोनशेचं टाकलं तेव्हा आकडा १८० च्या पुढे गेला होता, मग उतरत उतरत ११८ वर आला आणि तिथे थांबला. एकदा चढताना-उतरताना बघितल्यामुळे त्याचा विश्वास आणखी पक्का झाला. आणि मुख्य म्हणजे, काका म्हणाले होते मीटर बघून चालव. दर दोन-तीन दिवसांनी पंपावर थांबायची सवय त्याने सोडून दिली.

विटाव्याची रात्र

जुलैचा दुसरा आठवडा. रात्री साडेअकराला फोन. “काका, गाडीत पाणी गेलंय वाटतं. बंद पडली.”

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतं, हे कळव्यात लहान पोरालाही माहीत आहे. जुलैत त्या बाजूला गाडी बंद पडली की निदान ठरलेलंच: पाणी गेलं. मलाही तेच वाटलं. पण विचारलं तर म्हणाला, “अजून पुलापर्यंत पोचलोच नाही, दिघ्याच्या पुढे आहे.” मग पाणी गेलं कुठून?

“पेट्रोल?”

“आहे ना. दोन कांड्या. एकशे अठरा दाखवतंय.”

“सेल्फ किती वेळा मारलास?”

“वीस-पंचवीस वेळा मारला असेल.”

आधी त्याला सेल्फ मारायचा थांबवला. एफआय गाडीत पेट्रोलची मोटर टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेली असते. तिला थंड ठेवायचं आणि वंगण द्यायचं कामही पेट्रोलच करतं. कोरडी फिरवत राहिलं की तिचं आयुष्य कमी होतं, आणि बॅटरी उतरते ती वेगळीच. त्या गाडीला किक नाही. बॅटरी बसली असती तर रात्र तिथेच.

मग म्हटलं, चावी बंद कर, दहा सेकंद थांब, पुन्हा लाव आणि टाकीला कान लाव. दोन-तीन सेकंद मोटरचा आवाज येईल. आला. पण म्हणाला की आवाज बारीक येतोय, शिट्टीसारखा. भरल्या टाकीतली मोटर जाड, दबक्या आवाजात घुमते. दुसरं सांगितलं: चावी काढ, झाकण उघड, गाडी दोन्ही हातांनी जोरात डावी-उजवी हलव आणि ऐक.

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग तो म्हणाला, “काका, काहीच वाजत नाहीये.”

टाकीत तीन लिटर असतं तर खळखळलं असतं. घणसोलीचा उड्डाणपूल उतरताना गाडीने एक आचका दिला होता, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. मोटर टाकीच्या मागच्या अंगाला आहे. उतारावर उरलंसुरलं पेट्रोल पुढे पळतं आणि मोटरच्या तोंडात हवा जाते. गाडीने तिच्या परीने सूचना दिली होती. जुन्या कॉकवाल्या गाडीवर वाढलेला माणूस त्या आचक्याला लगेच ओळखतो.

कॉकची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे वडील तेच बोलले. जुन्या गाडीत कॉकमध्ये दोन नळ्या असत, एक उंच, एक ठेंगणी. ‘ऑन’वर उंच नळीतून पेट्रोल यायचं. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की गाडी खोकायची. चालत्या गाडीवर डावा हात खाली जायचा, कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरायचा आणि ठेंगण्या नळीतून उरलेलं दीड-दोन लिटर मिळायचं. ‘रिझर्व्ह लागली’ म्हणायचे लोक, नोकरी लागली म्हणावं तसं. ना सेन्सर, ना तार. बिघडायला जागाच कमी. एकच खोड: पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर फिरवायला विसरलात, तर पुढच्या वेळी गाडी खोकायची नाही, सरळ मरायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं, नव्या मोटारसायकली बहुतेक सगळ्या एफआय झाल्या आणि कॉक गेला. एफआयमध्ये मोटर टाकीतून थेट साधारण ३ बारच्या दाबाने पेट्रोल ढकलते. मध्ये फिरवायला काही उरलंच नाही. त्यामुळे आता मीटरची लुकलुक हीच रिझर्व्ह.

जवळच्या पंपावर तो बाटली घेऊन गेला होता, त्यांनी दिलं नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शेवटी कंपनीतलाच एक मित्र मागून आला. पायाने ढकलत ढकलत दोघं भर पावसात कळव्यात पोचले. हे करू नये असं मी सगळ्यांना सांगतो. त्या रात्री नाही सांगितलं.

दुसरा दिवस

सकाळी गाडी दारात. मोजमापाच्या भांड्याने एक लिटर टाकलं. चावी तीन-चार वेळा लावली-बंद केली, म्हणजे पाइपमधली हवा निघून दाब बसतो. मग सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. मीटरवर दोन कांड्या, ११८.

रिकाम्या टाकीला ११८, एक लिटरला ११८. मी टाकी उचलली आणि फ्लोटचा कपलरच काढून टाकला. म्हणजे आता मीटरचा टाकीशी काही संबंधच उरला नाही. चावी लावली.

११८.

दहा मिनिटं स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसलो. कपलर माझ्या हातात आणि मीटर म्हणतोय एकशे अठरा किलोमीटर जाईल.

तार तुटली की काही मीटर सगळ्या कांड्या एकदम लुकलुकवतात, म्हणजे कळतं की बिघाड आहे. काही सरळ रिकामी दाखवतात, तेही चालेल, निदान माणूस पंपावर तरी जातो. हा मीटर तिसऱ्या जातीचा: सिग्नल हरवला की शेवटचा बरा आकडा धरून बसतो. तसं का केलं असेल तेही कळतं. रस्त्यावर टाकीतलं पेट्रोल सारखं हिंदकळत असतं, फ्लोट नाचत असतो. मीटरने प्रत्येक हेलकावा दाखवायचा ठरवला तर कांड्या दिवाळीच्या माळेसारख्या उघडझाप करतील. म्हणून सगळेच मीटर थोडे सावकाश चालतात, सरासरी काढून दाखवतात. दोनशेचं पेट्रोल टाकलं तरी लुकलुक लगेच थांबत नाही, त्याचं कारणही हेच. पंपावाल्याने कमी दिलं असा संशय लगेच घेऊ नये. शंका असेलच तर पंपावर पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते भरून दाखवा म्हणायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. पण सावकाश चालणं वेगळं आणि झोपणं वेगळं. हा मीटर सिग्नल गेल्यावर झोपत होता.

पोरगा म्हणाला, “पण काका, दोन कांड्या पण दाखवत होता आणि आकडा पण. दोन्ही जुळत होतं, म्हणून मला वाटलं खरंच असणार.”

हे त्याचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. एका मीटरवर दोन खुणा दिसल्या की आपण त्यांना दोन साक्षीदार समजतो. इथे कांड्याही फ्लोटवरून, आकडाही फ्लोटवरून. साक्षीदार एकच, दोनदा बोलला. टाकीशी संबंध नसलेला साक्षीदार त्या मीटरवर एकच होता, ट्रिपचा आकडा. तो चाललेले किलोमीटर चाकावरून मोजतो. आणि तो आकडा गाडी घेतल्यापासून त्याने एकदाही शून्य केला नव्हता.

आता सिग्नल का हरवला, ते बघायचं होतं. टाकी उतरवायची म्हणजे आधी पाइपमधला दाब काढायचा: मोटरचा कपलर काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. नाही तर पाइप काढताना पेट्रोल थेट तोंडावर येतं. हे काम उघड्यावर करतो, आणि त्या वेळी शेजारच्या चहावाल्यालाही स्टोव्हपासून लांब बसवतो. टाकीतलं काचेच्या बरणीत काढून जरा वेळ ठेवलं. पाण्याची शंका मनातून पूर्ण गेली नव्हती. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर बसतो. थर नव्हता. विटाव्याच्या पुलाखालचं पाणी या प्रकरणात निर्दोष सुटलं.

फ्लोट युनिट या गाडीत मोटरपासून वेगळं आहे, टाकीच्या बुडाला चार नटांवर. म्हणजे त्या दुसऱ्या गॅरेजने सांगितलेला पूर्ण सेट लागणारच नव्हता. युनिट हातात घेऊन दांडी वरून खाली सरकवत गेलो, मल्टिमीटर लावून. ८, २०, ३५, ५२, ६६, ७४, ७६. आणि मग काही नाही. त्याच्या खाली पट्टी आहे, जीभ टेकलेली आहे, पण मल्टिमीटर गप्प. भिंग लावून बघितलं तर ७६ ओहमच्या जागी पट्टी झिजून आडवी चीर गेली होती. तारेचं टोक पट्टीच्या ‘भरलेल्या’ बाजूला असतं. जीभ चिरेच्या पलीकडे गेली की वीज येणार कुठून? हाताने जरा दाबलं तर मध्येच ८० यायचे, सोडलं की गायब.

७६ ओहम म्हणजे या टाकीत तीन लिटर आणि थोडं वर. त्यातलं मोटरला ओढता न येणारं चारशे मिली वजा करा, उरलेल्याला लिटरला एक्केचाळीसने गुणा. येतात ११८ च्या आसपास. हिशोब जुळल्यावर मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही.

चीर तिथेच का? मी त्याला विचारलं, “जूनच्या आधी पेट्रोल कसं भरायचास?”

“शंभर-दोनशेचं. लुकलुकायला लागलं की.”

म्हणजे सुरुवातीची तीन-चार वर्षं फ्लोट टाकीच्या खालच्या तीन-चार लिटरांतच वावरला. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला जीभ पट्टीच्या त्याच बोटभर जागेवर पुढे-मागे घासली गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर असे किती हेलकावे रोज, मोजायला नको. वरची पट्टी नवी कोरी, खालची खरवडलेली. दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही, पगाराच्या आधी मीही तेच करतो. पण फ्लोटची झीज तिथेच होणार, हे कारण या युनिटवर नजरेने दिसत होतं.

मग जूनपर्यंत कळलं का नाही? कारण चीर पूर्ण उघडायच्या आधी खालचे ओहम अधूनमधून येत होते, लुकलुक दिसत होती. नंतर गंजलेल्या कपलरने खोटी लुकलुक सुरू केली आणि पोरगा घाबरून टाकी चार लिटरच्या वर ठेवायला लागला. चिरेपर्यंत फ्लोट उतरायचाच नाही. एका बिघाडाने दुसरा झाकून ठेवला होता, आणि त्याच्या अविश्वासाने त्याला वाचवलं होतं. मी पहिला बिघाड काढला, विश्वास परत दिला आणि त्याला थेट दुसऱ्यावर नेऊन सोडलं.

दुरुस्ती आणि नंतरची मापं

नवं युनिट हजाराच्या आत मिळालं. रबरी गॅस्केट नवंच टाकलं. जुनं पुन्हा लावलं की पंधरा दिवसांत टाकीखाली थेंब दिसतो आणि वास येतो, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. मोटरचा दाब गेजने मोजला, ठीक होता. पंचवीस वेळा सेल्फ मारूनही ती शाबूत राहिली, हे त्याचं नशीब.

आणि मग ते केलं जे जूनमध्ये करायला हवं होतं. गाडी मेन स्टँडवर, सरळ. साइड स्टँडवर माप घेऊ नये. टाकी मधल्या पाइपवर खोगिरासारखी बसलेली असते, गाडी डावीकडे कलली की पेट्रोल एका खोबणीत जातं आणि फ्लोट भलतंच सांगतो. रिकाम्या टाकीपासून सुरुवात करून अर्धा-अर्धा लिटर टाकत गेलो. प्रत्येक वेळी चावी बंद, पुन्हा चालू, दोन मिनिटं थांबायचं, ओहम आणि कांड्या वहीत लिहायच्या. पोरगा स्वतः लिहीत होता. एक लिटरला ९५, लुकलुक. दोनला ८८, लुकलुक. अडीचला ८३, एक कांडी स्थिर. तीनला ७९. चारला ७०, दोन कांड्या. सहाला ५२. कुठेही उडी नाही, कुठेही शांतता नाही. तिथून पुढे बारापर्यंत लिटर-लिटरने पटकन भरलं, वरचा भाग चांगला असणार हे दिसतच होतं.

यातून त्याच्या गाडीपुरता एक आकडा मिळाला: लुकलुक सुरू होते तेव्हा टाकीत साधारण सव्वादोन लिटर असतं. मोटरला न मिळणारं चारशे मिली सोडलं तर पावणेदोनच्या थोडं वर. टाकी फुल ते टाकी फुल मोजल्यावर त्याचं ॲव्हरेज एक्केचाळीस-बेचाळीस निघालं, म्हणजे कागदावर पंच्याहत्तर किलोमीटर. मी त्याला पन्नास धरायला सांगितलं. पावसात विटाव्याला पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला की बेचाळीसचे पस्तीस होतात, आणि उड्डाणपुलाच्या उतारावर शेवटचं अर्धं लिटर असून नसल्यासारखंच.

वडील बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. म्हणाले, “एवढा हिशोब? आमच्या वेळी गाडी खोकली की कळायचं.” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही एकदा कॉक रिझर्व्हवरच विसरला होता आणि खारेगावपासून ढकलत आणली होती.” ते हसले, विषय बदलला.

मीटरचा स्वभाव मात्र मी बदलू शकलो नाही. तो आजही सिग्नल गेला की शेवटचा आकडा धरून बसेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्याने विचारलं, त्यांनी असाच असतो म्हणून सांगितलं. म्हणून त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पेट्रोल भरलं की ट्रिप शून्य कर. आणि आठ-दहा किलोमीटर चालूनही ‘अजून किती जाईल’चा आकडा जागचा हलला नाही, तर ती आनंदाची बातमी नाही, त्याच दिवशी पंपावर जा आणि मग माझ्याकडे ये.

माझ्याकडेही एक बदल झाला. कपलर साफ करून लुकलुक गेली तरी आता मी गाडी सोडत नाही. टाकी उचललेली असतेच, तर पेट्रोल काढून फ्लोट तळापर्यंत उतरवून बघतो. गिऱ्हाईक घाईत असेल तर बिलावर लिहून देतो, ‘अर्ध्या टाकीपर्यंतच तपासलं’. एक-दोघे त्यावर चिडले. जुनं युनिट बाकाच्या वरच्या खिळ्याला टांगलं आहे. नवीन पोरगं कामाला आलं की त्याच्या हातात मल्टिमीटर देतो आणि याच्यात काय बिघडलंय सांग म्हणतो. बहुतेक जण वरचे ओहम बघून ठीक आहे म्हणतात.

बिल करताना जूनचे दीडशे मी वजा केले. तो नको म्हणत होता. म्हणाला, “काका, कपलर तर तुम्ही खरंच दुरुस्त केला होता.” तेही खरं होतं. तरी वजा केले. मग त्याने समोरच्या पंपावर जाऊन टाकी फुल केली, ट्रिप शून्य केली आणि मीटर माझ्याकडे वळवून दाखवला. चारशे ऐंशीच्या पुढे काहीतरी होतं. नाक्यापर्यंत जाऊन आला तेव्हा एकाने कमी झालं होतं.